मागून ‘ठक्’ येतं तेव्हा: २००५ ते २०१४ च्या मस्टँगमध्ये सस्पेन्शन आणि ड्युअल एक्झॉस्टची टक्कर

गाडी दीड इंच खाली बसवली, नवा पॅनहार्ड बार घातला, एक्झॉस्ट मोठा केला, आणि पहिल्याच गतिरोधकावर मागून ‘ठक्’ आलं. तक्रार दर वेळी हीच असते, आणि उत्तर म्हणून बहुतेक जण आणखी एक महागडा पार्ट मागवतात. निम्म्याहून जास्त वेळा त्याची गरज नसते.

हे सगळं फोर्ड मस्टँगच्या एस-१९७ पिढीबद्दल आहे, म्हणजे २००५ ते २०१४ ची मॉडेल वर्षं. या गाडीत मागे एकसंध अ‍ॅक्सल आहे. म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच जाड नळीचा आडवा दांडा. त्याला खालून दोन कंट्रोल आर्म (जोडदांडे) धरतात आणि वरून मधोमध एक; अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा पॅनहार्ड बार असतो. जीटी या मोठ्या इंजिनाच्या मॉडेलमध्ये ड्युअल एक्झॉस्ट, म्हणजे धुराचे दोन पाइप असतात; दोन्ही बाजूंचे पाइप अ‍ॅक्सलवरून चढून पलीकडे उतरतात आणि सायलेन्सर बंपरखाली बसतात. भारतात २०१६ पासून विकली गेलेली मस्टँग ही पुढची पिढी. तिची मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, तेव्हा इथली मापं तिला लावू नका. अमेरिकेत जुनी जीटी घेऊन घरच्या गॅरेजमध्ये स्वतः पाना चालवणाऱ्यांना मात्र हा दोष हमखास भेटतो.

लक्षणं आणि त्यांचा अर्थ

आवाज कधी येतो ते आधी नीट ऐका. कुठे लागतंय याचा अंदाज त्यावरूनच येतो.

- दोन्ही मागची चाकं एकदम उचलली जातात तिथे, म्हणजे गतिरोधकावर किंवा पुलाच्या सांध्यावर, एकच जड ‘ठक्’: अ‍ॅक्सलची नळी वर येऊन पाइपला लागते आहे.
- एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की आवाज, दुसऱ्या बाजूचं गेलं तर नाही: अ‍ॅक्सल मध्यावर नाही, किंवा त्या बाजूचा पाइप फिरून बसला आहे.
- फक्त एका दिशेच्या लांब वळणात घासल्यासारखा आवाज: सायलेन्सर झुलून स्वे बारला (वळणात गाडी कलू न देणाऱ्या आडव्या सळीला), शॉकला (धक्के शोषणाऱ्या नळीला) किंवा बॉडीच्या पत्र्याला टेकतो आहे.
- गाडी थंड असताना शांतता, वीस मिनिटं चालवल्यावर खडखड: पाइप तापून लांबला आणि मागे सरकला.
- ब्रेक दाबून, गिअर टाकून उभं असताना बसक्या सुरातली गुणगुण, न्यूट्रल केलं की बंद: पाइप कुठेतरी कायम टेकलेला आहे आणि इंजिनाची थरथर थेट बॉडीत जाते आहे.
- गाडी सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच ठोका: हे बहुतेकदा एक्झॉस्टचं नसतंच. सैल बोल्ट किंवा संपलेला बुश (सांध्यातला रबरी तुकडा) पाहा.
- आवाज काही नाही, पण बुश करपलेला, शॉकवरचं रबर मऊ पडलेलं, स्वे बारच्या लिंकचं बूट वितळलेलं: पाइप टेकत नाही, पण फार जवळून जातो आहे. या लक्षणाकडे कुणी बघत नाही, आणि नुकसान यातच जास्त होतं.

मुळात होतं काय

एक्झॉस्ट बॉडीला टांगलेला असतो आणि अ‍ॅक्सल त्याच्याखाली वर-खाली होतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निवड सोपी होते. मागच्या सस्पेन्शनचा प्रत्येक पार्ट हातात घेऊन एकच प्रश्न विचारा: हा अ‍ॅक्सलबरोबर हलतो की बॉडीबरोबर राहतो? बॉडीबरोबर राहणारा पार्ट उभ्या गाडीत पाइपपासून १५ मिमी दूर असला तर चालतानाही साधारण तेवढाच दूर राहतो. फरक पडतो तो पाइप रबरावर झुलतो तेवढाच. अ‍ॅक्सलबरोबर हलणारा पार्ट उभ्या गाडीत ६० मिमी दूर असला तरी खड्ड्यात येऊन आपटू शकतो. पॅनहार्ड बारचं एक टोक अ‍ॅक्सलला, दुसरं बॉडीला. म्हणून अ‍ॅक्सलकडच्या टोकाजवळून जाणाऱ्या पाइपला धोका जास्त आणि बॉडीकडच्या टोकाजवळच्या पाइपला कमी. दोन्ही बाजूंचे पाइप दिसायला सारखे असले तरी त्यांची जोखीम सारखी नसते.

लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना टॉर्च मारून ‘भरपूर जागा आहे’ म्हणणं ही सगळ्यात नेहमीची चूक. तेव्हा अ‍ॅक्सल पाइपपासून सर्वात दूर असतो. त्या मापाला काही अर्थ नाही.

पहिली पायरी: पुसा, पाहा, खुणा शोधा (खर्च शून्य)

गाडी पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर उभी असली तर उत्तम. मागची चाकं रॅम्पवर चढवा, म्हणजे वजन चाकांवरच राहील. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. आता अ‍ॅक्सलवरून जाणारे दोन्ही पाइप फडक्याने पुसून घ्या आणि वरची बाजू हाताने चाचपून, आरशाने पाहा. जिथे लागतं तिथे बोटभर लांबीचा चकचकीत पट्टा दिसतो, आणि समोरच्या भागावर त्याच आकाराचा रंग उडालेला असतो. जोडीने खूण सापडली की निदान तिथेच संपलं.

खूण नुसत्या पाइपवर असेल आणि समोर काहीच नसेल, तर ती जुनी असू शकते किंवा पाइप बसवताना लागलेली. तिच्यावर विसंबून राहू नका.

याच वेळी ब्रेकची रबरी नळी, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि इंधनाच्या नळ्यांवर हात फिरवा. यांपैकी कशावरही घासल्याची खूण दिसली तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

दुसरी पायरी: मातीचा गोळा (खर्च काही डॉलर)

खूण सापडत नसेल तर मुलांच्या खेळण्यातली तेलकट माती आणा. लिंबाएवढे गोळे करा आणि संशयित जागी, थंड पाइपवर नव्हे तर समोरच्या भागावर, म्हणजे अ‍ॅक्सलच्या नळीवर, पॅनहार्ड बारवर, स्वे बारवर दाबून बसवा. पाइपवर लावलेली माती पाच मिनिटांत वितळून गळते. वर स्वयंपाकातली पातळ प्लास्टिकची फिल्म लावा, म्हणजे पाइपला माती चिकटणार नाही. मग हळू वेगाने ओळखीच्या गतिरोधकावरून दोनदा जा, शक्य असेल तर मागच्या सीटवर दोन माणसं बसवून, आणि लगेच परत या. लांब फेरी मारू नका. पाइप तापला की फिल्म वितळते.

चेपलेल्या गोळ्याची सर्वात पातळ जागा सुरीने कापून मोजा. १२ मिमी उरले तर तिथे दुरुस्ती नको. ५ मिमी उरले तर आज आवाज नसला तरी उन्हाळ्यात येईल. माती कागदासारखी झाली असेल तर जागा सापडली.

तिसरी पायरी: हँगरची रबरं आणि क्लॅम्प (स्वस्त, आणि सर्वाधिक वेळा हेच)

सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो ती ताणून लांब होतात, भेगाळतात. मागचं रबर एक सेंटिमीटर सैल झालं की सायलेन्सरचं तोंड खाली जातं, आणि पाइप अ‍ॅक्सलच्या पुढे टेकून असल्यामुळे तरफेसारखा फिरून त्याचा अ‍ॅक्सलवरचा भाग सरकतो. दोन्ही बाजूंची रबरं शेजारी शेजारी धरून पाहा. लांबीत फरक दिसला तर जोडीने बदला, एकच नाही. काढताना हँगरच्या सळीवर साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

काही जण कडक पॉलीयुरेथेनची रबरं घालतात. त्याने पाइप झुलणं कमी होतं हे खरं, पण थरथर बॉडीत जास्त जाते आणि उष्णता सोसण्याची त्यांची ताकद साध्या रबराहून अधिक असेलच असं नाही. झोल कमी करण्यासाठी हा उपाय ठीक. चुकीच्या जागी बसलेला पाइप त्याने जागेवर येत नाही.

आता क्लॅम्प, म्हणजे पाइपचे सांधे आवळणारे पट्टे. बाजारातला नवा एक्झॉस्ट बसवताना लोक मागून पुढे कसत येतात, कारण सायलेन्सरची टोकं बंपरमध्ये सरळ दिसायला हवी असतात. मग सगळी चूक अ‍ॅक्सलवरच्या वळणात जमा होते. उलट करा. सगळे क्लॅम्प इतके सैल करा की पाइप हाताने फिरेल. सुरुवात इंजिनाकडून. अ‍ॅक्सलवरचा पाइप नळी आणि बॉडी यांच्यामध्ये, बॉडीकडे थोडा झुकता धरा आणि तो क्लॅम्प कसा. सायलेन्सर सगळ्यात शेवटी. टोकं चार-पाच मिमी वाकडी दिसली तरी चालेल. हे सगळं चाकांवर वजन असताना करा आणि क्लॅम्पसोबत दिलेला टॉर्कचा (किती जोराने कसायचं त्याचा) आकडा पाळा.

तापल्यावरच येणाऱ्या आवाजाचं गणित इथे सांगायला हवं. दोन मीटर पाइपचं तापमान ३०० अंश सेल्सियसने वाढलं तर ४०९ प्रतीच्या स्टेनलेसचा पाइप साधारण ६ ते ७ मिमी लांबतो, आणि बाजारातल्या बऱ्याच एक्झॉस्टमध्ये असतो तो ३०४ स्टेनलेसचा सुमारे १० मिमी. पुढचं टोक इंजिनाला बांधलेलं, म्हणजे ही वाढ सगळी मागे जाते. थंड पाइपवर समोर ८ मिमी जागा ठेवून ‘बसला’ म्हटलं तर तापल्यावर तो टेकणारच. सळी हँगरच्या रबरात मधोमध न ठेवता थोडी पुढे ठेवली की तापल्यावर ती मध्यावर येते.

चौथी पायरी: सस्पेन्शनचे बोल्ट (खर्च शून्य, टॉर्क रेंच मात्र हवा)

पॅनहार्ड बारचा सैल बोल्ट आणि अ‍ॅक्सलवर आपटणारा पाइप यांचा आवाज कानाला एकसारखा लागतो. एकाने गाडीच्या मागच्या कोपऱ्याला धरून ती डावी-उजवीकडे झुलवावी, दुसऱ्याने बारच्या दोन्ही टोकांवर बोट ठेवावं. बोल्ट आणि त्याला धरणारा ब्रॅकेटचा कान यांच्यात हालचाल झाली तर ती बोटाला डोळ्याआधी कळते. बोल्टभोवती गंजाची बारीक लाल पूड दिसली तरीही तेच समजा.

टॉर्कचा आकडा त्या मॉडेल वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्या गाडीचा नको. रबरी बुश असलेले बोल्ट चाकांवर पूर्ण वजन असतानाच कसायचे. लोंबकळत्या अ‍ॅक्सलवर कसले तर गाडी खाली टेकताच बुश पिळलेला राहतो, काही महिन्यांत फाटतो, आणि तोवर गाडीही एका बाजूला किंचित उचललेली राहते.

पाचवी पायरी: स्प्रिंग काढून खरं माप (अर्धा दिवस)

नवा पार्ट मागवण्याआधी हे काम केलंच पाहिजे. ते टाळलं तर पुढचा सगळा खर्च अंदाजावर होतो.

गाडीची बॉडी मजबूत स्टँडवर घ्या, स्टँड मागच्या चाकांच्या पुढे. जॅक डिफरन्शियलच्या (मधल्या गिअरच्या घराच्या) बीडाखाली लावा. मागच्या पत्र्याच्या झाकणाखाली नाही, ते दबतं आणि तेल गळतं. चाकं काढा. शॉकचे खालचे बोल्ट आणि स्वे बारच्या लिंक सोडा. अ‍ॅक्सल हळूहळू खाली घ्या. ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, यावर पूर्ण वेळ नजर हवी. अ‍ॅक्सलचं वजन त्या नळीवर क्षणभरही येऊ देऊ नका. स्प्रिंग हाताने निघतात. पॅनहार्ड बार आणि तिन्ही आर्म जागेवरच ठेवा.

आता अ‍ॅक्सल जॅकने वर आणा, बंप स्टॉपला (फार वर येण्यापासून अडवणाऱ्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत. तिथे थांबू नका. जोराच्या खड्ड्यात स्टॉप स्वतः दबतो. त्याची उंची मोजा, तो काढा, आणि टेकला होता तिथून निम्म्या उंचीएवढा अ‍ॅक्सल आणखी वर न्या. स्टॉप ६० मिमी उंच असेल तर ३० मिमी. हीच तुमची खरी ‘पूर्ण दबलेली’ अवस्था. प्रत्येक उंचीवर अ‍ॅक्सलखाली स्टँड सरकवा, मगच हात आत घाला.

पाइप हाताने अ‍ॅक्सलच्या दिशेने ढकलून धरा आणि तशा स्थितीत मोजा, कारण चालताना तो झुलणार आहे. नळीची वरची बाजू, पॅनहार्ड बारची दोन्ही टोकं आणि मध्य, वरच्या आर्मचं घर, शॉकची नळी, स्वे बारचे हात: प्रत्येक ठिकाणचा आकडा डाव्या-उजव्या बाजूसाठी वेगळा लिहून ठेवा.

मग दोन जॅक घेऊन एकच बाजू वर न्या. पाइप साधारण गाडीचा मध्य आणि चाक यांच्या अधेमधे जातो. तिथे एका चाकाच्या ८० मिमी चढाईतले ६० मिमी तरी पोचतात. शिवाय अ‍ॅक्सल तिरका झाल्यामुळे नळीचा काठ वेगळ्याच कोनातून येतो. सरळ वर नेताना सुटलेला पाइप तिरक्या चढाईत सापडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

धरायचे आकडे: हलत्या धातूपासून पूर्ण दबलेल्या अवस्थेत किमान १२ मिमी, बॉडीच्या स्थिर भागापासून १५ ते २० मिमी, रबर, प्लास्टिक, ब्रेक आणि इंधनाच्या नळ्यांपासून ७५ मिमी, आणि तेवढी जागा नसेल तर मध्ये उष्णता अडवणारा पत्रा.

सहावी पायरी: अ‍ॅक्सल मध्यावर आणणं

गाडी खाली बसली की पॅनहार्ड बारचा तिरपेपणा बदलतो आणि अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. एक मीटर लांबीच्या बारची टोकं एकमेकांपेक्षा १०० मिमी खाली-वर असतील आणि गाडी खाली घेतल्यावर तो फरक ६० मिमी झाला, तर अ‍ॅक्सल सुमारे ३ मिमी सरकतो. आकडा लहान वाटेल, पण एका बाजूची ८ मिमी जागा त्याने ५ होते, दुसरीकडची ११. एकाच बाजूने आवाज येण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

मोजायला ओळंबा पुरतो. दोन्ही मागच्या फेंडरच्या काठावरून, चाकाच्या बरोबर मध्यावर ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. मोजण्याआधी गाडी दोन-चार मीटर पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन मोकळं होऊ द्या. डावीकडे ४० आणि उजवीकडे ३२ आलं तर अ‍ॅक्सल निम्म्या फरकाने, म्हणजे ४ मिमीने, मध्यावर आणायचा. लांबी बदलता येणारा बार इथेच उपयोगी पडतो. दोन्ही टोकांना उलट आटे असलेला बार एका फेऱ्यात दोन आट्यांइतका लांब होतो हे विसरू नका. अर्धा फेरा करा आणि पुन्हा मोजा.

पार्ट निवडताना

मापं हातात आली की निवड बरीचशी आपोआप होते. आमचं स्पष्ट मत: सस्पेन्शन आधी पक्कं करा, एक्झॉस्ट नंतर. पाइप एका तासात नव्याने वाकवून मिळतो. पॅनहार्ड बारची जागा बदलली तर गाडीचं वागणंच बदलतं.

खाली बसवणारे स्प्रिंग. साधारण २५ ते ३८ मिमीचे मिळतात. त्यांनी पाइप आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं उभ्या गाडीतलं अंतर तेवढंच घटतं, पण पूर्ण दबलेल्या अवस्थेतलं अंतर बदलत नाही, कारण अ‍ॅक्सल थांबतो तो बंप स्टॉपवर. इथेच लोक घात करून घेतात: ‘गाडी आपटू नये’ म्हणून स्टॉप अर्धा कापतात. मग अ‍ॅक्सल आधी कधीच पोचत नव्हता तिथे पोचतो आणि पाइप हाच नवा स्टॉप बनतो. स्टॉप कापायला सांगणारा किट घ्यायचाच असेल, तर पाचव्या पायरीतलं माप कापलेल्या उंचीने पुन्हा घ्या. आमचा सल्ला २५ मिमीवर थांबण्याचा आणि उंची कमी झाली तरी नियंत्रण देणारे शॉक सोबत घेण्याचा.

पॅनहार्ड बार. सरळ बार वाकवलेल्यापेक्षा नेहमी चांगला, कारण वाकवलेल्या बारवर ताण आला की तो कमानीसारखा लवतो. तेवढाच ताठपणा हवा तर त्याची नळी जाड लागते, आणि जाड नळी पुन्हा जागा खाते. मूळ बारपेक्षा व्यास १३ मिमीने वाढला तर पाइपकडची जागा ६.५ मिमीने कमी होते. त्याहून चुकवणारी गोष्ट म्हणजे लांबी बदलायचा षट्कोनी नट. बारचा सर्वात रुंद भाग तोच, आणि तो नेमका पाइपसमोर आला तर नळीचं माप घेऊन उपयोग काय? मागवण्याआधी विक्रेत्याला नट कोणत्या टोकापासून किती मिमीवर आहे ते विचारा आणि आपल्या गाडीवर खडूने खूण करून पाहा. काही बार उलटसुलट बसवता येतात, मग नट दुसऱ्या बाजूला जातो. बारच्या टोकांना, रोज चालवायच्या गाडीसाठी, रबर किंवा पॉलीयुरेथेन बुश घ्या. उघडे गोल सांधे पाइपच्या उष्णतेत आणि रस्त्यावरच्या मिठात लवकर खडखडू लागतात, आणि मग पुन्हा तोच ‘ठक्’ ऐकू येतो.

वॉट्स लिंक. जेम्स वॉटने १७८४ साली वाफेच्या इंजिनासाठी पेटंट घेतलेली ही जोडणी अ‍ॅक्सलला जवळपास सरळ वर-खाली नेते. बाजूचं सरकणं संपतं, दोन्हीकडची जागा सारखी राहते. ड्युअल एक्झॉस्टवाल्यांना हे आकर्षक वाटतं आणि वाटायलाही हवं. पण तिचे दोन हात गाडीच्या दोन्ही बाजूंना जातात, म्हणजे आता दोन्ही पाइपना जागा द्यावी लागते. दोन प्रकार असतात. एकात मधला फिरणारा तुकडा डिफरन्शियलवर बसतो आणि हात बॉडीकडे जातात. दुसऱ्यात तो तुकडा बॉडीला बांधलेल्या आडव्या दांड्यावर असतो आणि हात अ‍ॅक्सलच्या टोकांकडे. दुसऱ्या प्रकारात तो आडवा दांडा अ‍ॅक्सल आणि सायलेन्सर यांच्यामधली, पाइप उतरतात तीच जागा घेतो. मूळ मापाचे पाइप असतील तर बहुधा निभावतं. तीन इंची पाइप असतील तर किट बनवणाऱ्याकडून तुमच्या एक्झॉस्टसह बसवल्याचा फोटो मागा, आणि तो फोटो चाकं लोंबकळलेल्या अवस्थेतला नको. रस्त्यावरच्या गाडीला वॉट्स लिंकची निकड क्वचितच असते. चांगला लांबी बदलता येणारा बार नव्वद टक्के गरज भागवतो.

स्वे बार. बार अ‍ॅक्सलला बांधलेला आणि लिंक बॉडीला, की उलट, हे आधी पाहा. अ‍ॅक्सलला बांधलेला जाड बार अ‍ॅक्सलबरोबर वर येतो. जास्तीची जाडी सायलेन्सरच्या पुढच्या काठाला भिडू शकते. त्याचे ब्रॅकेट घट्ट करण्याआधी बार दोन्हीकडे सारखा बाहेर आहे ना, ते मोजा. पाच मिमी सरकलेला बार पुष्कळदा दिसतो.

खालचे आर्म आणि त्यांची जागा खाली घेणारे ब्रॅकेट. पाइपशी यांचं भांडण जवळजवळ नसतं. गाडी खाली बसवल्यावर सुटताना चाक उड्या मारत असेल तर आधी हेच घ्या.

लांबी बदलता येणारा वरचा आर्म मात्र फसवा आहे. त्याने अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरतो. दोन अंश फिरवला आणि पॅनहार्ड बारचं ब्रॅकेट मध्यापासून २०० मिमीवर असेल, तर ते ७ मिमी सरकतं. प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची शक्ती मागे नेणाऱ्या दांड्याचा) कोन ठीक केला की पाइपची मापं पुन्हा घ्या.

मागचे कॉइलओव्हर, म्हणजे शॉकभोवतीच बसवलेले स्प्रिंग. मूळ रचनेत गाडीचं वजन स्प्रिंगच्या बैठकीवर येतं, शॉकच्या वरच्या जोडावर नाही. त्या जोडाला बळकटी देणारा तुकडा नसलेला किट घेऊ नका. स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या घेणार असाल तर पाइपपासून सहा इंच तरी अंतर हवं, नाहीतर मध्ये पत्रा.

एक्झॉस्टची निवड. नुसता आवाज हवा असेल तर अ‍ॅक्सलच्या मागचेच सायलेन्सर बदला. अ‍ॅक्सलवरचे मूळ पाइप तसेच राहतात आणि हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. अडीच इंचावरून तीन इंचावर गेलं की पाइपची प्रत्येक कड ६ मिमीने पुढे येते. तीन इंची हवेच असतील तर फक्त अ‍ॅक्सलवरचा तुकडा अंडाकृती नळीचा करून घेणं हा सर्वात नीट उपाय. हातोडीने पाइपला खळगा पाडणं नको: प्रवाहाला फारसा फरक पडत नाही, पण वेल्डजवळ पाडलेल्या खळग्यापासून भेग सुरू होते. अ‍ॅक्सलच्या आधीच पाइप कापून खाली सोडणं तर अजिबात नको. धूर गाडीखाली साठतो आणि डिकीच्या, फरशीच्या फटींतून आत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

इथे थांबा, कारागिराकडे जा

ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा लोखंडी नळीवर घासल्याचा पट्टा दिसला तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. इंधनाच्या नळीचंही तेच.

पॅनहार्ड बारच्या बॉडीकडच्या ब्रॅकेटला किंवा अ‍ॅक्सलवरच्या वेल्डला केसाएवढी जरी भेग दिसली तरी पुढे काही करू नका. वळणात मागची बाजू याच जोडावर टिकून असते.

वेल्डिंग घरी नको. या पिढीत इंधनाची टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे, मागच्या सीटखाली आहे आणि पाइप तिच्या शेजारूनच येतात. सायलेन्सरच्या दुकानात हे काम रोज होतं. तिथे जाताना पाचव्या पायरीतल्या मापांचा कागद सोबत न्या आणि अ‍ॅक्सल पूर्ण वर आणूनच पाइप वाकवायला सांगा. ‘उभ्या गाडीत बसवून देतो’ म्हणाले तर दुसरं दुकान गाठा. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढलेली असावी. काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) मागेच व्हावं. तो काढणं किंवा निकामी करणं अमेरिकेच्या संघीय कायद्याने बेकायदेशीर आहे. कॅलिफोर्नियात सहा हजार पौंडांखालच्या गाडीला आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल आहे.

मिशिगन, ओहायोसारख्या हिवाळ्यात मीठ टाकणाऱ्या राज्यांत वाढलेल्या गाडीचा बोल्ट फिरतो पण बाहेर येत नसेल, तर आतला वेल्ड केलेला नट सुटला आहे. आणखी जोर लावू नका. तिथे चौकटीला बाहेरून खिडकी कापावी लागते, आणि ते काम ज्याने आधी केलं आहे त्यानेच करावं.

आणि गाडीत बसल्यावर डोकं जड होत असेल, डोळे चुरचुरत असतील, तर ‘ठक्’चा विचार नंतर. काचा उघडा, गाडी बंद करा, बाहेर या. गळती तपासून मिळेपर्यंत ती गाडी कुणालाही चालवायला देऊ नका.